आईचा भाऊ: मानवशास्त्राने मामाला इतकं महत्त्व का दिलं?

मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली की गुरुजी पुकारा करतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मांडवात वडील असतात, काका असतात, सख्खा भाऊ असतो, पण नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. तिच्या लहानपणापासून हेच चालत आलेलं असतं. उष्टावणाला खीर भरवायला मामा, जावळ काढताना मांडीवर घ्यायला मामा, कान टोचताना रडणाऱ्या पोराला धरून बसायला मामा. बारशाला कानात कुर्र करून नाव सांगायचा हक्क मात्र आत्याचा. ही कामं कोणी वाटून दिली आणि अशीच का वाटली, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही.

मानवशास्त्रात तो शंभर वर्षांहून जास्त काळ विचारला जातोय. कुटुंब, नातं, लग्न, स्त्री-पुरुषांची कामं या विषयांवर जगभर जे संशोधन झालं, त्यातले कितीतरी मोठे वाद या एका माणसाभोवती झाले. कुठे मामा लाडका, कुठे कडक, कुठे तोच घराचा कारभारी, तर कुठे होणारा सासरा. माझं म्हणणं असं की मामाकडे नीट पाहिलं की त्याच्या बहिणीच्या वाट्याला काय आलं आणि काय आलं नाही, हे दिसायला लागतं. या अभ्यासातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला तीच वाटते.

आधी दोन शब्द समजून घेऊ, कारण पुढे ते सारखे लागतील. मूल बापाच्या कुळातलं मोजलं जात असेल, नाव आणि जमीन बापाकडून मुलाकडे जात असेल, तर तो पितृवंशीय समाज. मूल आईच्या कुळातलं मोजलं जात असेल, तर मातृवंशीय. मातृवंश म्हणजे बायकांचं राज्य, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का, हे मामाच दाखवून देतो.

लाडका मामा

मोझांबिकच्या दक्षिण भागात थोंगा लोक राहतात. आंरी जुनो या स्विस मिशनऱ्याने त्यांच्यात अनेक वर्षं काढली आणि 1912-13 मध्ये त्यांच्याबद्दल मोठा ग्रंथ लिहिला. थोंगा पितृवंशीय. घर, गुरं, कूळ सगळं बापाकडून. पण भाचा मामाच्या घरी गेला की त्याला रान मोकळं. मामासाठी वाढून ठेवलेलं त्याने खाल्लं तरी कोणी रागावत नाही. पूर्वजांना बळी दिला की त्यातला वाटा भाचे पळवतात. भाचा आजारी पडला तर त्याच्यासाठी मामा बळी देतो. जुनोने याचा अर्थ असा लावला की कधीकाळी थोंगा मातृवंशीय असणार आणि भाच्याचा हा हक्क ही त्या जुन्या काळाची उरलेली खूण. त्या काळात असा विचार करायची पद्धतच होती. 1861 मध्ये योहान याकोब बाखोफेन या स्विस पंडिताने माणसाच्या इतिहासात आधी मातृसत्ता होती असं मांडलं होतं, आणि पुढच्या दोन पिढ्या विद्वान तिचे अवशेष शोधत होते.

1924 मध्ये इंग्रज मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन याने हा विचार मोडून काढला. ज्या भूतकाळाचा पुरावा नाही तो कल्पू नका, आज जी माणसं समोर आहेत त्यांची नाती बघा, असं त्याचं सांगणं. थोंगांच्या घरात बाप म्हणजे धाक आणि आई म्हणजे माया. मूल बापाबद्दलची भावना बापाच्या भावंडांना लावतं, म्हणून आत्याचा मान राखायचा. आईबद्दलची भावना आईच्या भावंडांना लावतं, म्हणून मामाकडे हट्ट करायचा. दक्षिण आफ्रिकेतल्या कित्येक भाषांत मामासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थच 'पुरुष-आई' असा होतो, हेही त्याने दाखवलं.

मराठी वाचकाला हे चटकन पटतं. आजोळी लाड, घरी शिस्त, आत्याबाई आल्या की त्यांच्या मानपानात काही कमी पडू नये म्हणून चाललेली धावपळ. पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवर तर बहिणीचा दर्जा भावापेक्षा वरचा मानतात. लग्नात आणि मर्तिकात आत्याला सगळ्यात मानाची जागा आणि उत्तम चटया मिळतात. वर्षानुवर्षं रॅडक्लिफ-ब्राउनचं उत्तर पुरेसं वाटलं. पण ते सगळीकडे लागू पडेना.

कडक मामा

पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेला ट्रोब्रिआंड नावाची छोटी बेटं आहेत. पोलंडमध्ये जन्मलेला ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की 1915 ते 1918 या काळात दोन खेपांत तिथे राहिला. गावातच तंबू ठोकून, तिथली भाषा शिकून, लोकांच्या रोजच्या जगण्यात मिसळून अभ्यास करायची जी रीत आज मानवशास्त्राची ओळख आहे, ती त्याच्या या कामामुळे रुजली.

ट्रोब्रिआंड समाज मातृवंशीय. तिथे बाप लेकराला कडेवर घेऊन हिंडतो, भरवतो, त्याची शी-शू काढतो, पण ते त्याच्या कुळाचं नाही. मुलगा जाणता झाला की त्याला कळतं की आपलं खरं गाव मामाचं, जमीन मामाकडून येणार, बोलणीही त्याचीच खायची. म्हणजे बाप मायाळू आणि मामा कडक. थोंगांच्या बरोबर उलट. मालिनोव्स्कीने यावरून मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड यालाही हटकलं. मुलाच्या मनात बापाबद्दल दडलेला राग असतो हे जगभर खरं असेल, तर ट्रोब्रिआंड मुलाचा राग मामावर का, असा त्याचा सवाल होता. 1927 मध्ये त्याने त्यावर पुस्तकच लिहिलं.

तिथली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी रीत सुगीची आहे. पुरुष वर्षभर राबून याम नावाचा कंद पिकवतो आणि त्यातला उत्तम माल बहिणीच्या नवऱ्याच्या दारात नेऊन रचतो. ढीग सगळ्यांना दिसेल असा उघड्यावर रचतात, लोक येऊन बघतात, मग तो कोठारात जातो. त्याच्या स्वतःच्या घरचं कोठार त्याच्या बायकोचा भाऊ भरतो. बाहेरून आलेल्या माणसाला हा निव्वळ आडवळणाचा कारभार वाटेल. पण जमीन कुळाची, कूळ बहिणीकडून चालणार आणि बहीण राहते नवऱ्याच्या गावी, हे लक्षात घेतलं की धागा जुळतो. तो कंद तिच्याच जमिनीचं पीक आहे. भाऊ तिचं तिला पोहोचवतो.

मालिनोव्स्कीने यामच्या ढिगांवर पानंच्या पानं लिहिली. 1971 मध्ये अॅनेट वायनर ही अमेरिकन संशोधक त्याच बेटांवर गेली. गावातल्या बायका तिला पहिल्याच दिवशी एका मर्तिकाच्या विधीला घेऊन गेल्या. तिथे बायका केळीच्या सुकवलेल्या पानांच्या जुड्या आणि त्याच पानांचे रंगीत घागरे वाटत होत्या, हजारोंनी. कोणाला किती द्यायचं याचा हिशेब त्यांच्या तोंडावर होता. कुळातलं माणूस गेलं की त्याच्या हयातीत ज्यांनी ज्यांनी काही केलं त्यांचं देणं बायकांनी असं फेडायचं असतं, आणि त्यावर त्या कुळाची पत ठरते. या जुड्या जमवायला नवऱ्याने बायकोला मदत करायची. का? कारण तिच्या भावाने वर्षानुवर्षं त्याचं कोठार भरलंय. म्हणजे पुरुषांच्या यामचा हिशेब बायकांच्या जुड्यांशी येऊन मिळत होता, आणि मालिनोव्स्कीच्या लिखाणात ही बाजू जवळजवळ कोरीच राहिली होती. तो हुशार होता, मेहनती होता, तिथली भाषा त्याला येत होती. पण संपत्ती म्हणजे पुरुषांच्या हातातली वस्तू, ही समजूत घेऊनच तो बेटावर उतरला होता. वायनरचं पुस्तक 1976 मध्ये आलं आणि त्यानंतर नातेसंबंधांचा अभ्यास स्त्रियांना वगळून करणं अवघड झालं.

मामाचं घर हेच घर

याहून पुढची पायरी बघायला समुद्र ओलांडायची गरज नाही. इंग्रजी अंमल पक्का होण्याआधीच्या मध्य केरळात नायर घराण्यांची जी व्यवस्था होती तिने लग्न या शब्दाची व्याख्याच अडचणीत आणली. कॅथलीन गॉफ 1947 ते 1949 या काळात तिथे राहिली आणि वृद्धांच्या आठवणी, जुन्या नोंदी यांवरून तिने ती व्यवस्था पुन्हा उभी केली.

नायरांचं घर म्हणजे तरवाड. एका आजीच्या पोटच्या लेकी, लेक, आणि लेकींची मुलं, असे सगळे एका छपराखाली. जमीन तरवाडाची, तिची वाटणी होत नसे. कारभार सगळ्यात वडीलधाऱ्या पुरुषाकडे, त्याला कारणवन म्हणत. तो घरातल्या मुलांचा मामा किंवा आईचा मामा. या घरात जावई राहत नसे, सूनही येत नसे. पुरुष स्वतःच्या आईच्या घरी जन्मभर राही आणि बहिणीच्या मुलांना वाढवी.

मग लग्न? वयात येण्याआधी मुलीच्या गळ्यात ताली, म्हणजे मंगळसूत्रासारखं लेणं, बांधायचा मोठा सोहळा होई. ताली बांधणारा ठरलेल्या घराण्यातला असे. तीन दिवसांनी तो आपल्या वाटेने जाई आणि पुढे त्याचा तिच्याशी संबंध राहिलाच पाहिजे असं नव्हतं. मात्र तो मेला की तिने आणि तिच्या मुलांनी सुतक पाळायचं. त्यानंतर तिला योग्य जातीच्या एका किंवा अनेक पुरुषांशी 'संबंधम' ठेवता येई. पुरुष रात्री जेवून येई, सकाळी न्याहारीआधी निघून जाई, आणि आत कोणी आहे हे कळावं म्हणून आपलं शस्त्र दाराशी ठेवी. मूल झालं की योग्य जातीच्या एका किंवा अधिक पुरुषांनी पुढे येऊन सुईणीला कापड आणि भाजीपाला द्यायचा. तेवढ्याने मूल रीतीचं ठरे. पोसायची जबाबदारी बापावर नाही. ती मामाची, तरवाडाची.

हा बेबंदपणा होता असं कोणी म्हणेल, तर नियम बघावेत. कोणत्या जातीचा पुरुष चालेल हे ठरलेलं, बापपण कबूल करायची रीत ठरलेली, सुतक ठरलेलं. शिवाय नायर पुरुष शिपाईगिरी करणारे, महिनोन्महिने मोहिमेवर. घराचा कणा बायका आणि शेतजमीन असणं त्यात सोयीचं होतं. याची दुसरी बाजू नंबुदिरी ब्राह्मणांच्या घरात होती. त्यांच्यात फक्त थोरला मुलगा जातीत लग्न करी. धाकटे नायर स्त्रियांशी संबंधम ठेवत. ती मुलं नायर तरवाडाची, त्यामुळे नंबुदिरींच्या जमिनीला वारस वाढत नसत. एक पितृवंशीय आणि एक मातृवंशीय अशी दोन घरं एकमेकांच्या आधाराने अखंड राहत होती. याची किंमत नंबुदिरी मुलींनी मोजली, कारण थोरले मुलगे थोडे आणि मुली पुष्कळ. कितीतरी जणी बिनलग्नाच्या घरात बंद राहिल्या.

1951 सालच्या मानवशास्त्राच्या प्रमाण मार्गदर्शिकेत लग्नाची व्याख्या एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यातलं असं नातं, ज्यातून झालेली मुलं दोघांची औरस ठरतात, अशी होती. नायर त्यात बसेनात. 1959 मध्ये गॉफने नवी व्याख्या सुचवली. तिच्या मते लग्नाचं मुख्य काम म्हणजे बाईच्या पोटी जन्मणाऱ्या मुलाला समाजात पूर्ण हक्काची जागा मिळवून देणं. नवरा किती आणि कुठे राहतो, हे नंतरचं. नीलगिरीतल्या तोडा लोकांचं उदाहरण इथे जोडून बघण्यासारखं आहे. त्यांच्यात अनेक भावांची मिळून एक बायको असे, आणि गरोदर बाईला समारंभाने धनुष्यबाण देणारा पुरुष होणाऱ्या मुलाचा बाप ठरे. पुढचे मूलही त्याचंच, दुसऱ्या कोणी धनुष्यबाण देईपर्यंत. जन्म देण्यात कोणाचा वाटा आणि समाजाच्या लेखी बाप कोण, हे दोन प्रश्न वेगळे असू शकतात.

नायर व्यवस्था कशी मोडली हेही सांगायला हवं. ती एका दिवसात बायकांनी किंवा पुरुषांनी फेकून दिली नाही. जमीन विकाऊ झाली, शिकलेले पुरुष नोकरी करून स्वतःचा पैसा कमवू लागले, तो भाच्यांऐवजी स्वतःच्या मुलांना द्यावा असं त्यांना वाटू लागलं. इंग्रजी शाळा आणि न्यायालयं संबंधमला लग्न मानायला तयार नव्हती, त्याची लाज वाटायला लागली. 1896 मध्ये मलबारात संबंधमची नोंदणी करता येईल असा कायदा आला, 1925 मध्ये त्रावणकोरात आणि 1933 मध्ये मद्रास इलाख्यात तरवाडाच्या वाटणीला वाट मिळाली, आणि केरळ विधानसभेने 1975 मध्ये एकत्र हिंदू कुटुंबाची पद्धतच रद्द केली. यात नायर बाईने कारणवनाचा जाच गमावला, तसंच जन्मभर हक्काचं असलेलं घरही गमावलं. आजीच्या घरात जिला कोणी "तू परक्याची" म्हणू शकत नव्हतं, तिची नात लग्न करून नवऱ्याच्या घरी जाऊ लागली. याला मी सरळ प्रगती म्हणणार नाही.

मेघालयात खासी लोकांचा मातृवंश आजही चालू आहे. वडिलोपार्जित घर सगळ्यात धाकट्या मुलीकडे जातं. म्हाताऱ्या आईबापांची आणि कुळाच्या विधींची जबाबदारीही तिचीच. पण मोठे निर्णय घेताना शब्द मामाचा, आणि गावच्या पारंपरिक दरबारात बायकांना जागा नव्हती. म्हणजे वंश बायकांचा आणि कारभार त्यांच्या भावांचा. 1950 मध्ये ऑड्री रिचर्ड्स या इंग्रज संशोधिकेने या पेचाला मातृवंशाचं कोडं म्हटलं: एका बाईवर आणि तिच्या मुलांवर नवरा आणि भाऊ दोघांचा दावा, आणि प्रत्येक मातृवंशीय समाज त्यावर आपापली तडजोड काढतो. तरीही खासी मुलीला पायाखालची जमीन आहे, आणि हा फरक मी हलका मानत नाही.

मामा की सासरा?

आता महाराष्ट्रात येऊ. जुन्या घरांत सून सासऱ्यांना मामंजी म्हणायची आणि सासूला आत्याबाई. गावाकडे जावई सासऱ्याला अजूनही मामा म्हणतो. मुलाने मामाची मुलगी केली, तर त्या मुलीची सासू तिच्या बापाची बहीण, म्हणजे आत्याच. आणि दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या साटंलोटं होत राहिलं, मुली दोन्ही बाजूंनी दिल्या-घेतल्या गेल्या, तर आत्याचा नवरा हाच आईचा भाऊ निघतो. मग सासरा मामाही होतो. ही मांडणी तमिळ, तेलुगू, कन्नड नात्यांची आहे. ज्या मराठी घरांत अशी लग्नं होत नाहीत, तिथेही हाका तशाच उरल्या.

हे सगळं पद्धतशीर मांडलं इरावती कर्वे यांनी. 1905 मध्ये ब्रह्मदेशात जन्म, बर्लिनमध्ये डॉक्टरेट, आणि 1939 पासून पुण्याचं डेक्कन कॉलेज. त्यांचा भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ 1953 मध्ये आला. उत्तरेत आते-मामे भावंडांचं लग्न निषिद्ध, मुलगी दूरच्या अनोळखी घरात जाते. दक्षिणेत ती आजोळी किंवा आत्याकडे जाते, सासू लहानपणापासून ओळखीची असते. दोन्हींच्या मध्ये महाराष्ट्र. इथे बऱ्याच जातींत मुलाला मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा चालत नाही. नियम असा एकतर्फी असला की मुली पिढ्यान्‌पिढ्या एकाच दिशेने जातात. एक घर देणारं राहतं आणि एक घेणारं. हा मुद्दा जुना आहे. बौधायन धर्मसूत्रात मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न ही दक्षिणेकडची खास रीत म्हणून नोंदलेली आहे. महाभारतात अर्जुनाची सुभद्रा त्याच्या मामाची, वसुदेवाची मुलगी.

(आज डॉक्टर अशा लग्नाआधी जनुकीय सल्ला घ्यायला सांगतात ते योग्यच आहे. आते-मामे भावंडांच्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा एकाच आजी-आजोबांकडून आलेला असतो, त्यामुळे थॅलेसेमियासारखे आजार मुलांत उतरण्याची शक्यता वाढते. 1955 चा हिंदू विवाह कायदाही असं लग्न रूढी असेल तरच मान्य करतो.)

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ क्लोद लेवी-स्ट्रॉस याने 1940 च्या दशकात यातूनच एक मोठा सिद्धांत उभा केला. त्याच्या मते कुटुंबाचा सगळ्यात लहान घटक नवरा, बायको आणि मूल एवढाच नाही. त्यात चौथा माणूस हवाच, बायकोचा भाऊ. कारण भावाने बहीण दिली नसती तर कुटुंब सुरूच झालं नसतं. सख्ख्या बहिणीशी लग्नाची बंदी ही मुळात बहीण दुसऱ्याला द्यायची सक्ती, आणि त्या देवाणघेवाणीतून घराघरांत सोयरीक जुळते. मामा म्हणून सगळीकडे महत्त्वाचा. सिद्धांत देखणा आहे. पण 1975 मध्ये गेल रुबिन या अमेरिकन अभ्यासिकेने त्यातली दुखरी जागा दाखवली. देवाणघेवाण होते तेव्हा सोयरे कोण होतात? देणारा आणि घेणारा, दोघेही पुरुष. आणि जी दिली गेली ती? भेटवस्तूला भेटीतून काही मिळत नाही. कन्यादान बघत वाढलेल्या आपल्याला हे समजायला फार पुस्तकं लागू नयेत.

भाचा काय उचलून नेतो?

थोंगांच्या भाच्याकडे परत जाऊ. त्याने मामाच्या घरातलं पळवलं तर चालतं, असं का? जॅक गुडी या इंग्रज संशोधकाने 1959 मध्ये उत्तर घानातल्या दोन शेजारी समूहांची तुलना करून वेगळं उत्तर दिलं. रॅडक्लिफ-ब्राउनने सगळा भर भावनेवर दिला होता. गुडीने मालमत्तेकडे बघितलं. पितृवंशीय घरात बहीणही त्याच कुळात जन्मलेली असते. पण तिला वारसा मिळत नाही आणि तो पुढे देताही येत नाही. तिचा हक्क दबून राहतो, संपत नाही. तिचा मुलगा मामाच्या घरातली कोंबडी उचलतो तेव्हा तो त्या दबलेल्या हक्काचा हप्ता घेत असतो, आणि मामाला ते आतून माहीत असतं म्हणूनच तो रागावत नाही.

हे कळल्यापासून मला भाऊबीजेची ओवाळणी, बाळंतपणाला माहेरी आणणं, भाचीच्या लग्नात मामाने केलेला आहेर, सुट्टीतलं आजोळ, हे वेगळंच दिसायला लागलं. ती माया खरी आहे. आणि त्याच वेळी ती अशा एका घराची माया आहे जिथे जमीन भावांच्या नावावर झालेली आहे.

महाराष्ट्रात हा व्यवहार कागदावर दिसतो, हक्कसोडपत्र म्हणतात त्याला. वडील गेले की सातबाऱ्यावर मुलींची नावंही वारस म्हणून लागतात. मग भाऊ सगळ्या बहिणींना तालुक्याच्या गावी बोलावतो. गाडीभाडं तो देतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बाकावर त्या बसतात, फोटो निघतो, अंगठा उमटतो, आणि दस्तात लिहिलेलं असतं की हक्क स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता सोडत आहे. त्यानंतर जेवण, साडी, आणि "माहेर तुमचंच आहे" हे आश्वासन. पुढे फेरफार होतो आणि नाव कमी होतं. कितीतरी बहिणी खरंच राजीखुशीने सही करतात. का करतात विचारलं तर उत्तर बहुतेक एकच येतं: हिस्सा घेतला तर माहेर तुटेल, दुखल्याखुपल्याला जायचं कुठे? नवऱ्याने टाकलं, सासरी जाच झाला तर दार उघडणारा भाऊच असतो. सहीची किंमत म्हणून तो आधार मिळतो, आणि त्या आधाराचा चालता-बोलता पुरावा म्हणजे आपल्या लेकरांचा लाडका मामा.

कायदा मात्र पुढे गेलाय. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सेदार केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद काढला, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की 2005 मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जातो असं नाही. बहीण वारली असेल तर तिचा वाटा तिच्या मुलांना मागता येतो. त्यामुळे वाटपाच्या दाव्यात आज एका बाजूला मामा आणि दुसऱ्या बाजूला भाचे-भाच्या अशी नावं दिसू शकतात. आपल्या आजोळांचं यातून काय होतंय, हा मराठी मुलखातला आजचा नातेसंबंधांचा सगळ्यात जिवंत प्रश्न आहे, आणि त्याचा अभ्यास करायला विद्यापीठाची पदवी लागत नाही.

इंग्रज संशोधक विल्यम रिव्हर्स 1898 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधल्या टोरेस सामुद्रधुनीत गेला होता. तिथल्या लोकांच्या वंशावळी उतरवून घेताना त्याला जी पद्धत सापडली ती आजही प्रत्येक विद्यार्थी पहिल्यांदा शिकतो, आणि ती घरच्या घरी करता येते. मोठा कागद घ्या. पुरुषासाठी त्रिकोण, बाईसाठी वर्तुळ. नवरा-बायकोमध्ये दोन आडव्या रेघा, मुलांसाठी खाली उभी रेघ. आजोळच्या तीन पिढ्या मांडा, गेलेली माणसंही धरा. मग प्रत्येक वर्तुळापाशी लिहा: लग्नात काय दिलं, कुठल्या गावी दिली, जमिनीतलं काय मिळालं, हक्कसोडपत्र कधी झालं, सही करताना सोबत कोण होतं. आधी मामांना विचारा, त्यांना तारखा आणि गट नंबर पाठ असतील. नंतर तेच प्रश्न घेऊन आईकडे आणि मावशीकडे जा, त्या वेळी मामा शेजारी नकोत.